चाबी कमरेला, गाडी बंद

बाबा, दादा गेला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरातली वाईट बातमी तुम्हाला सांगायची सवय काही सुटली नाही माझी. परवा वाशीमला ग्राहक आयोगात माझी साक्ष आहे. कंपनीचा वकील मला एकच गोष्ट विचारणार आहे, तुमच्या भावाने गाडी बंद करायचं बटन का दाबलं नाही? त्याचं उत्तर मला माहीत आहे, बाबा. उत्तर तुम्ही आहात. आणि ते मी देईन तेव्हा आई समोर बसलेली असेल.

अजून डोळ्यांसमोर आहे, तुमची पांढरी पेट्रोल व्हॅन शिरपूरच्या स्टँडवर उभी आहे. मंदिराला आलेली माणसं खाली उतरून पाय मोकळे करतायत. दादा नुकताच गाडी शिकलाय. आज त्याने चालवत आणली, म्हणून छाती फुगवून तो चहाच्या टपरीकडे निघालाय आणि चाबी तशीच गाडीत. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता, "काबे, सासऱ्यानं देल्ली का गाडी? चाबी कुठी हाय?" मग शर्ट वर करून स्वतःचा करदोडा दाखवता. "अथी पायजे चाबी. चाबी कमरेले, म्हंजे गाडी बंद. तवाच गाडीपासून हालाचं." टपरीवरचे सगळे हसले. दादा लालबुंद झाला, दोन दिवस तुमच्याशी बोलला नाही. पण तेव्हापासून गाडीतून उतरला की त्याचा हात आधी कमरेला जायचा. तुम्ही गेलात त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन आला, डोळे सुजलेले, तरी उतरताना हात कमरेलाच. चूक काय होतं त्यात? त्या व्हॅनची चाबी निघायची ती इंजिन बंद झाल्यावरच.

मग त्याने ही नवीन गाडी घेतली, पेट्रोलवर आणि बॅटरीवर दोन्हींवर चालणारी. हिला चाबी लावावीच लागत नाही. चाबी खिशात ठेवायची आणि बटन दाबायचं, सुरू करायलाही आणि बंद करायलाही. शोरूमच्या पोराने आम्हाला मोठ्या हौसेने दाखवलं, चाबी घेऊन माणूस जवळ आला की गाडीचे आरसे आपोआप उघडतात. "ओळखते ते तुमाले," तो म्हणाला. दादाने घरी आल्या आल्या ती चाबी करदोड्यात अडकवली. मी हसले. "हे चाबी लावाचीच नाही, मंग कमरेले कायले बांधतं?" तर म्हणाला, "बाबानं सांगतलं हाय." माय वो, किती अभिमानाने म्हणाला तो!

गेल्या वैशाखातली दुपार होती. वहिनी मुलांना घेऊन माहेरी धनजला गेली होती, म्हणून ते वाचले. दादा अकोल्याहून आला, गाडी आत घेतली. तेव्हा ती बॅटरीवर होती, त्यामुळे एकदम गपगार. आवाज नाही, थरथर नाही. चाबी कमरेला, म्हणजे त्याच्या लेखी गाडी बंद. त्याने शटर ओढलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन निजला. आपला कूलर तुम्हाला आठवतो? बाहेर उन्हाचा भडका, म्हणून दादाने तो सावलीत, गाडीच्या खोलीकडच्या खिडकीत बसवला होता. बॅटरी उतरली तशी गाडीने स्वतःच आपलं इंजिन सुरू केलं. कूलरच्या घरघरीत ते कोणाला ऐकू येणार? ज्याला वास नाही, रंग नाही असा तो विषारी वायू बंद खोलीत साचत गेला, आणि कूलर तोच ओढून दादाच्या अंगावर सोडत राहिला. आई अंगणात निंबाखाली बसली होती. चहा मांडून त्याला उठवायला गेली.

कंपनीचं म्हणणं काय, तर पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. तो उतरला तेव्हा गाडी वाजलीही होती, मालकच निष्काळजी. अरे, ती कशाला नाही वाजत! पट्टा लावला नाही की टीं टीं, मागे घेतली की टीं टीं, दार नीट लागलं नाही की टीं टीं. त्यातली मरणाची टीं टीं कोणती, ते माणसाने कसं ओळखावं? निष्काळजी म्हणे! माझा दादा! बाबा, संताप संताप होतो माझा. आमचा वकील म्हणतो, करदोड्याची गोष्ट सांगावीच लागेल, त्याशिवाय तो निष्काळजी नव्हता हे पटणार नाही. पण आई अजून म्हणते, मीच उठवाले उशीर केला. तिने हेही ऐकायचं, की नवऱ्याच्या शिकवणीने पोरगा गेला? ती जगायची कशी? आणि मी गप्प बसले, तर दादा कायमचा निष्काळजी ठरणार. मी काय करू, सांगा ना. सांगा काही.

आज सकाळी मी तिला म्हटलं, परवा तू येऊ नको, ऊन लागेल. ती अंगणात कुरडया उलथत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कायले घरी ठेवून राह्यली? त्याले ते बापानं शिकवलं, हे का मले माहीत नाही? येडी समजते का मले?" मी तिच्याशेजारी बसून कुरडया उलथू लागले. "तुहा बाप चुकला नाही न पोरगंई चुकलं नाही," ती म्हणाली. "चाबी जवळ आली, हे त्या गाडीले समजते. मंग चाबी घेऊन मानूस घरात गेला, हे काहून समजत नाही? ज्यायनं बनवली त्याइले इचार हे. तथीच इचार, माह्यासमोर." आणि पुढची कुरडई उलथली.

विचारीन, बाबा. आवाज फुटला तर विचारीन. जिंकू असं मला मुळीच वाटत नाही, मोठी माणसं आहेत ती. हे पत्रही कुठल्या पेटीत टाकणार मी, राहील इथेच.

एक मात्र आईलासुद्धा सांगितलेलं नाही. पुरावा म्हणून गाडी अजून अंगणात पत्र्याखाली उभी आहे आणि दादाची चाबी माझ्याजवळ आहे. तिचा सेल संपत आला होता, तो मी काल मोबाईलच्या दुकानातून बदलून आणला. खटल्यासाठी नाही. आई देवळात गेली की मी ती चाबी कमरेला खोचून गाडीजवळ जाते. आरसे उघडतात. तेवढ्यापुरतं मला वाटतं, दादा आला.