गच्चीवरची पेटी

१० ऑक्टोबर २००८, शुक्रवार

परत तीच पेटी! महिन्यात तिसऱ्यांदा. दादू म्हणतो, मी नीट करत नाही म्हणून परत परत जावं लागतं. त्याला काय, तो दुकानात पंख्याखाली. दादू म्हणजे माझा मालक. शहरात केबल आणि इंटरनेटचा धंदा. गेल्या वर्षी त्याने खाडीपलीकडे, फणसोपच्या चढावर, श्रीपतीसरांच्या गच्चीत एक ॲक्सेस पॉइंट बसवला. वहीएवढी पांढरी पेटी. दुकानावरच्या आमच्या पेटीकडे तोंड करून असते आणि हवेतून इंटरनेट घेते. तर ती सगळं विसरून बसते. नाव, पासवर्ड, कुणाशी बोलायचं — सगळं कोरं, कारखान्यातून आली तशी.

वाटेत भाट्याच्या पुलावर उतरलो. एक होडीवाला जाळ्यातून बोय मासे सोडवत होता, ते बघत अर्धा तास गेला. मग चालत.

सर निवृत्त मास्तर, आंब्याची बाग. कुसुमकाकू, आणि सून वैदेहीवहिनी. वहिनींना आठवा महिना. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, गाडीचे हादरेसुद्धा नकोत. मुलगा वेद जहाजावर इंजिनियर. घरचा फोन पावसात रस्ता खणला तेव्हापासून मुका, मोबाइलला रेंज फक्त वर सड्यावर, कातळाच्या माळावर. म्हणजे वेदची खबर यायची ती या पेटीतूनच.

"आज होईल ना रे?" वहिनींनी विचारलं. "दहा दिवस झाले मेल नाही. एडनच्या खाडीतून जायचं होतं त्यांना."

वीस मिनिटांत लावून दिली. त्यांनी लगेच उघडून बघितलं. मेल नव्हता. परत बघितलं. परत.

१२ ऑक्टोबर, रविवार

हातखंब्याला गेलो होतो उगाच. गोव्याचा ट्रक मिळत होता, चढणारच होतो. मागे गोव्यात चार महिने काढले, दाभोळला लाँचवर तीन, अलोऱ्याला मामाकडे एक पावसाळा. इथे सहा महिने होतील. लई झाले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पेटी परत कोरी! दादूने ठरवलं, फर्मवेअरच बिघडलंय. फर्मवेअर म्हणजे पेटीचं आतलं डोकं. ते नवं भरायचं. भरताना मध्येच वीज गेली तर पेटी दगड होते, म्हणून त्याने छोटा यूपीएस दिला. तो खांद्यावर घेऊन चढ चढलो, जीव गेला.

साडेतीनला फाइल भरायला लावली. पट्टी मुंगीच्या चालीने पुढे. तेवढ्यात समुद्राकडून काळं आलं आणि धडाम! काकू आतून पळत आल्या आणि दिसेल तो प्लग उपटत सुटल्या. फ्रिज, मिक्सर — आणि यूपीएसमधली पेटीची पिनसुद्धा. गडगडलं की प्लग काढायचे. आमच्या घरीही तेच, आई तर सेलवरचा रेडिओही बंद करून उशीखाली ठेवते. पण मी ओरडेपर्यंत काम झालं होतं.

काकू म्हणाल्या, "अरे, जळून गेलं असतं सगळं. माझ्यामुळे वाचलं."

पेटीवर एकही दिवा लागेना. वहिनी खाटेवर उठून बसल्या होत्या. काकूंना कुणी सांगितलं नाही की काय झालं. सांगून काय.

टीव्हीही बंद आहे त्यांचा. केबल उंदरांनी खाल्ली म्हणतात सर. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम, जोडून देतो. तर नको म्हणाले. आणि पेटीचं म्हटलं तर — "असू दे. घाई नाही काही."

मुलगा समुद्रात, आणि घाई नाही?

१५ ऑक्टोबर, बुधवार

मेली नव्हती! काल दिवसभर दुकानात नेटवर शोधलं. इंग्रजी अर्धं कळलं, अर्धं अंदाजाने. पेटीच्या बुडाला एक बारीक भोक असतं, आत रीसेटचं बटण. ते टोकदार काहीतरी घालून दाबून धरायचं, धरूनच वीज द्यायची, मनात वीस मोजायचे. दिवे आळीपाळीने लाल-हिरवे व्हायला लागले की सोडायचं. मग लॅपटॉपला हाताने पत्ता लिहायचा आणि एका काळ्या खिडकीतून फाइल आत ढकलायची. मग सात मिनिटं कशालाही हात लावायचा नाही.

त्या सात मिनिटांत मी काकूंना सगळ्या प्लगांपासून लांब, ओसरीवर बसवलं. आकाश स्वच्छ होतं, तरी.

सहाव्या मिनिटाला हिरवा दिवा लागला. मी नाचलो! बारावी अर्धी सोडलेला मी, आणि मेलेली पेटी उठवली. वहिनी हसल्या — पहिल्यांदाच. म्हणाल्या, बाळाचं नाव तुझंच ठेवू, संदेश.

मेल नव्हता.

सर हसले नाहीत. गच्चीच्या दारात उभे राहून बघत होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे कळलं ते लिहू नये खरं तर. पण सांगू कुणाला?

सकाळी दहाला पोचलो. पेटी कोरी. नवं डोकं भरून एक दिवस नाही झाला! आत शिरून बघितलं. पेटी सुरू होऊन किती वेळ झाला तो आकडा असतो तिथे. तीन तास पाच मिनिटं. म्हणजे सातच्या जरा आधी. काकूंना विचारलं, सातला लाइट गेली होती का? नाही म्हणाल्या, गिरगिर चालू होती मिक्सरची. शिवाय नुसती लाइट गेल्याने पेटी कोरी होत नाही. कुणीतरी भोकात काडी घालून दहा सेकंद दाबावं लागतं.

सातला गच्चीत कोण जातं? काकू म्हणाल्या, "हे जातात की. सूर्याला अर्घ्य द्यायला."

सर बागेत होते, कलमांच्या बुंध्याशी. उघडे. जानव्याला किल्ली आणि पितळेचं बारीक कानकोरणं. मी त्या कानकोरण्याकडे बघत राहिलो. त्यांनी ते मुठीत घेतलं.

मीच शिकवलं होतं त्यांना! गेल्या महिन्यात, पहिल्यांदा पेटी अडली तेव्हा. मास्तर माणूस, सगळं विचारून घेतात, आणि मी फुशारकीने दाखवलं — हे भोक, दहा सेकंद, की सगळं पुसलं.

सर खाली पाचोळ्यात बसले. मग सांगितलं. तीन तारखेला ते सड्यावर गेले असताना कंपनीचा फोन आला. वेदचं जहाज चाच्यांनी धरलंय. एकोणीस माणसं. बोलणी चालू आहेत, बाहेर बोलू नका. वहिनींचं आधीचं एक सातव्या महिन्यात गेलं. डॉक्टर म्हणालेत, धक्का बसेल असं काही नको. म्हणून टीव्हीची केबल त्यांनीच कापली. पेपर नाक्यावरच वाचतात आणि तिथेच ठेवून येतात. राहिली पेटी. त्या जहाजावरच्या दुसऱ्या कुणाच्या बायकोने मेल केला तर? बातमी दिसली तर?

"रोज सूर्याला पाणी घालतो," म्हणाले, "आणि त्याच हाताने हे करतो."

मग मला म्हणाले, "तू पेटीच घेऊन जा. फर्मवेअर गेलं म्हणून सांग. तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

मी हो म्हटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पेटी पिशवीत. दादूला सांगितलं, पुण्याला पाठवावी लागेल. वहिनींनाही तेच. "कालपर्यंत तर चालत होती," एवढंच म्हणाल्या.

चालत होती. अजूनही चालते.

२० ऑक्टोबर, सोमवार

कामाला लक्ष नाही. खांबावर चढलो आणि कशाला चढलो तेच विसरलो. दादूने खालून शिव्या घातल्या.

दुकानात बसून त्या जहाजांच्या बातम्या वाचतो. पाण्याला पैसे मागतात, औषधाला मागतात. कधी महिनाभर, कधी चार महिने. वेदचं जहाज कुठेच सापडलं नाही. नाव नसलेलं बरं की वाईट?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सरांनी निरोप धाडला होता, फराळाचा डबा घेऊन जा म्हणून. काकूंनी दिवाळीच्या करंज्या दिल्या. निघताना वहिनींनी हाक मारली. हातात चिठ्ठी ठेवली — त्यांच्या मेलचं नाव आणि पासवर्ड.

"शहरात गेल्यावर बघशील? काही आलं असेल तर नुसतं हो म्हण. वाचलंस तरी चालेल." चेहरा सुजलेला, डोळे आत. पुढे म्हणाल्या, "बाबांना सांगू नको. ते उगाच काळजी करतात."

दुकानात आलो. चिठ्ठी काढली. नाव टाइप केलं. पासवर्डाची दोन अक्षरं टाइप केली आणि खिडकी बंद केली. आत काय असेल? त्याचं मरण असलं तर ते मी पहिलं वाचायचं? सरांना शब्द दिलाय. आणि मी कोण, तिसराच माणूस.

संध्याकाळी परत वर गेलो, तेवढ्यासाठी. म्हटलं, "बघून आलो. काही नाही आलं."

त्यांनी मान हलवली. थँक्यू म्हणाल्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

मांडवीच्या धक्क्यावर सकाळभर. पिशवी सोबत, पेटी पिशवीत. दुकानात ठेवली तर दादू लावून बघेल म्हणून घेऊनच फिरतो. एकदा वाटलं, टाकावी पाण्यात. लांब एक जहाज उभं होतं, हलतच नव्हतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सर स्वतः दुकानात आले! छत्री घेऊन, चालत, घामाघूम. मला बाहेर घेतलं. म्हणाले, सांगून टाकलं वैदेहीला. काल रात्री तिनेच धरलं — बाबा, तुम्ही सड्यावरून येता तेव्हा माझ्याकडे बघत नाही. मग लपवता आलं नाही. काकू रडल्या, ती नाही रडली. पोटावर हात ठेवून बसली. सकाळी उठून एकच म्हणाली, पेटी आणा.

"पेटी मी बंद केली, तेही सांगितलं," सर म्हणाले. "तुझं नाव नाही घेतलं."

चिठ्ठीचं त्यांना माहीतच नाही.

उद्या लावतो. ट्रक बघून ठेवलाय, परवाचा.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

पेटी लावली. हिरवा दिवा लागला. वहिनींनी मेल उघडला. तेवीस तारखेचा एक होता, वेदचा. त्यांनी मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा —

"जिवंत आहे. मोबाइल काढून घेतलेत, पाठ आहे तो फक्त घरचा नंबर, आणि तो लागत नाही. रविवारी प्रत्येकाला दोन मिनिटं फोन देणार आहेत, परत देतील असं नाही. जिथे तू असशील असा एक नंबर शनिवारपर्यंत कळव. तुझा आवाज ऐकू दे."

सरांनी भिंत धरली. वहिनींनी तारीख परत बघितली. मग माझ्याकडे वळल्या, आवाज अगदी साधा.

"शुक्रवारी तू बघून आला होतास ना रे, संदेश?"