लिंबाच्या सावलीची वाटणी

विजयसिंह, तुझी कंबर आता कशी आहे? कंपनीत बसून बसून धरते म्हणाला होतास. खुर्चीला दोष देऊ नकोस, रोज कोसभर चाल. मनिषा, चष्म्याचा नंबर बदलल्यावर डोकं दुखायचं थांबलं का? आरोही, तुझा पुढचा दात आला का, का अजून खिडकी उघडीच आहे? सुकन्या, साखरेची गोळी वेळेवर घेतेस ना? लग्नसराई आली आहे, बुंदीकडं बघू नकोस. जमील, तुझ्या खोकल्याचं तुला विचारत नाही, तू खोटं सांगतोस. रुकसाना, तू सांग. माझं म्हणाल तर गुडघे कुरकुरतात, बाकी गाडी चालू आहे.

बीडच्या सायली वकीलबाई हे वाचून म्हणाल्या, "मावशी, मृत्युपत्रात खुशाली विचारत नसतात."

मी म्हणाले, "मग मेल्यावर विचारू का?"

त्या हसल्या आणि ठेवा म्हणाल्या. आता नेमाप्रमाणे लिहिते.

मी, केशरबाई तात्याबा घुमरे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा रोपवाटिका, राहणार पाटोदा, जिल्हा बीड, स्वहस्ते लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. माझा स्वतःचा दाखला असा, की आज सकाळी डोळे मिटून नुसत्या पानाच्या वासावरून मी कडुलिंब, करंज आणि बेल ओळखला. कुणाच्या धाकानं, भिडेनं किंवा गोड बोलण्यानं मी हे लिहीत नाही. गोड बोलायला घरात कुणी उरलेलंच नाही. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. विजयसिंह हा माझा मुलगा, मनिषा सून, आरोही नात, सुकन्या मुलगी. जमील दस्तगीर तांबोळी व त्याची बायको रुकसाना हे माझ्या पूर्वेच्या भिंतीपलीकडचे शेजारी. सगळ्यांना या कागदाची एकेक प्रत पाठवत आहे. मी जिवंत आहे तोवरच वाचा, म्हणजे भांडायचं असेल तर माझ्याशी भांडता येईल.

कलम १. पाटोद्याचं राहतं घर व भोवतीची मोकळी जागा माझी स्वकष्टार्जित आहे. तात्याबा गेले तेव्हा आम्ही याच जागेवर भाड्याच्या दोन पत्र्यांखाली होतो. सरकारी रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरून, नंतर स्वतःची रोपं विकून मी ही जागा विकत घेतली. घर व मोकळी जागा मी विजयसिंहाला देते. फक्त पूर्वेच्या भिंतीलगतची लिंबाखालची पट्टी यातून वगळली आहे. तिचं कलम ६ मध्ये सांगते. तिथवर धीर धरा, पानं उलटू नका.

कलम २. पोस्टातली बचत आणि माझी गळ्यातली एकदाणी सुकन्याला. विजयसिंहानं यावर तोंड वाकडं करू नये. माझा हात मोडला तेव्हा दोन महिने माझी वेणी तिनंच घातली.

कलम ३. अवजारं. पहार, टिकाव आणि मोठी कात्री माझ्या जुन्या जोडीदारणीच्या, कौशल्याबाईच्या घरी जावी असं मनात होतं, पण ती या कागदावर साक्षीदार आहे, आणि ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला राहू नये असा संकेत आहे म्हणतात. म्हणून कात्री तिला मी आजच हातात दिली. पहार-टिकाव जमीलच्या पोराला, आमेरला. चुना लावलेली बांबूची बल्ली मात्र आरोहीला. ती काठी काय कामाची, ते पुढच्या कलमात.

कलम ४. मला शाळा नाही. रोपवाटिकेतल्या पाट्या वाचून मी अक्षरं शिकले. माझा 'क' करंजाचा आणि 'ल' लिंबाचा. जे चार शब्द कळले ते वारशात देते, कारण याला ना स्टँप लागतो ना सातबारा. घराला सावली हवी असेल तर आधी झाड निवडू नका, आधी जागा निवडा. चैत्र-वैशाखात दुपारी चार वाजता अंगणात बल्ली उभी करायची आणि तिची सावली जिथं पडते तिथं चुन्याची रेघ ओढायची. रेघ घराच्या तापलेल्या भिंतीवर चढली की समजायचं, खड्डा बल्लीच्या जागी. बहुतेक घरांना ती जागा पश्चिमेला सापडते. भिंतीपासून दहा-बारा फूट सोडायचे. वड, पिंपळ, उंबर ही देवाची झाडं, ती देवळापाशीच बरी, घराच्या पायात मुळं घालतात. गुलमोहर हौसेचा, पण फांदी ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात मोडून पडते. विजेच्या तारेखाली कांचन चालतो, लिंब चालत नाही. आपल्या मुरमाड जमिनीत खड्डा तीन फूट खोल, तोही उन्हाळ्यात खणून महिनाभर ऊन खाऊ द्यायचा. रोप बारकं घ्या. उंच रोप दिसायला नवरदेव असतं आणि मुळाला कच्चं. शेजारी बुडाला भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरा, आठवड्यातून दोनदा भरलं की पुरे.

कलम ५. जुने राग. गावातल्या एका पुढाऱ्यानं बंगल्याला शोभेचे ताड लावले. मी करंज सुचवला तर म्हणाले, "केशरबाई, करंज म्हणजे गावठी दिसतो." चार वर्षांनी माणूस पाठवला की साहेबांची गाडी तापते, तुमच्या झाडाखाली लावू का. मी लावू दिली. हा राग मी सोडला, पण गोष्ट सांगायची सोडलेली नाही. कुणाला सांगायची असेल तर मोकळीक आहे.

कलम ६. आता लिंब. हे नीट वाचावं.

रोपवाटिकेत कामाला लागून मला तीनच महिने झाले होते. उरलेलं एक लिंबाचं रोप साहेबांनी दिलं. मी हौसेनं बल्ली उभी केली, पण मी घरी असायचे ती फक्त सकाळी. सकाळची सावली ओसरीवर आली, मी खूष, आणि पूर्वेच्या भिंतीजवळ खड्डा घेतला. दुपारी सावली कुठं जाते हे बघायला मी घरी नव्हतेच. झाड मोठं झालं तेव्हा कळलं. दोन वाजले की सगळी सावली भिंत ओलांडून जायची, आणि माझं घर तव्यासारखं तापायचं. पाणी माझं, खत माझं, सावली शेजारी. पोळी माझी आणि तूप दुसऱ्याच्या ताटात.

तिकडं जमील आला, मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान त्यानं त्याच सावलीत मांडलं. रोज पाला झाडायचा, कधी कुरकुर नाही. त्याचं ते न कुरकुरणंच मला टोचायचं. सन एकोणीसशे नव्व्याण्णवच्या वैशाखात मी लाकूडतोड्या बोलावला आणि भिंतीपलीकडं गेलेल्या दोन फांद्या तोडायला सांगितल्या. त्यातल्या एका फांदीला रुकसानानं आमेरची झोळी बांधली होती. मी भिंतीवरून बघत होते. मला ती दिसत होती. तरी मी 'थांब' म्हणाले नाही.

जमील पाना हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, झाड तुमचं हाय, तोडा. पन झोळी सोडायला दोन मिन्टं द्या."

रुकसानानं झोळी सोडली, पोराला उचललं आणि तापल्या पत्र्याखाली गेली. त्या उन्हाळ्यात त्या लेकराच्या अंगावर घामोळं उठलं ते दिवाळीपर्यंत राहिलं. दोघांनी कधी एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. आज कागदावर काढते. रुकसाना, माझं चुकलं.

मग दुष्काळाचं साल आलं, दोन हजार सोळा. टँकरच्या पाण्यावर गाव जगत होतं. माझा हात मोडला आणि मी दोन महिने सुकन्याकडं युसूफ वडगावला होते. लिंब जाणार हे मी धरून चालले होते. परत आले तर हिरवागार, नवी पालवी. आणि भिंतीच्या बुडाची एक वीट काढलेली. मी तशीच भिंतीपाशी जाऊन ओरडले, "जमील, माझी वीट कुणी काढली? घर पोखरायला लागलास का?"

तो म्हणाला, "मीच काढली मावशी. रागवू नका. नमाजाआधीचं वजूचं पानी, आन घरातलं धुन्याचं पानी, दुसरीकडून झाडापत्तर जात न्हाई."

मी वाकून बघितलं. त्या भोकातून बारीक चर खणला होता, थेट मुळापर्यंत, आणि माती ओली होती. ज्या दिवसांत लोक पाण्यासाठी घागरी रांगेत ठेवत होते, त्या दिवसांतली ओल. मी म्हणाले, "कावून रे केलंस हे?" तो म्हणाला, "सावलीत बसतो की आमी." एवढंच. जसं काही मी त्याला बाजारभाव विचारला होता.

ती वीट मी परत बसवली नाही. माझ्यामागंही कुणी बसवू नये. हे कलम समजा किंवा शपथ.

विजयसिंह, आता तुझं. दिवाळीत तू म्हणालास, "आई, लिंब काढला तर रस्त्याच्या कडेनं तीन गाळे निघतात." मी विचारलं, "आन सावली?" तू म्हणालास, "पत्रे टाकू की." मी त्या दिवशी भाकरी थापत राहिले. तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. कंपनीचं काही खरं नसतं, उद्या गावात यायचं झालं तर हाताला आधार पाहिजे. म्हणून मी बल्ली घेऊन मोजून पाहिलं. दक्षिणेला माझी रोपवाटिका आहे तिथं दोन गाळे निघतात. रोपवाटिका मोडायला माझी परवानगी आहे. रोपं कौशल्याबाईची सून घेऊन जाईल, तिचा हात चांगला आहे. तिनाचे दोन झाले, पण लिंब राहतो.

सायली वकीलबाईंना मी विचारलं, झाड तोडू नये असं कायद्यानं बांधून ठेवता येतं का. त्या म्हणाल्या, "लिहा तुम्ही, पण उद्या मालक तोच. सावलीचं मृत्युपत्र होत नाही, मावशी." म्हणून जमिनीचं करते. लिंबाखालची पट्टी, भिंतीपासून आत आठ फूट, हिचे दोन रस्ते ठेवले आहेत. विजयसिंहानं अक्षय तृतीयेच्या आत स्वतःच्या हातानं मला लिहून कळवलं की लिंब उभा राहील, तर पट्टी त्याची, घरासोबत. तसं पत्र आलं नाही, तर पट्टी झाडासकट जमील दस्तगीर तांबोळी याची. यात रागाचं काही नाही. ज्यानं ओल दिली त्याच्याकडं मूळ जाईल.

जमीलला मी आधी साक्षीला बोलावलं होतं. वकीलबाईंनी नको म्हटलं, तेव्हा त्याला संशय आला. "म्हंजी मला काय तरी देताय का मावशी?"

"सावली."

"ती तर हायेच की," म्हणाला, आणि पाना घेऊन गाडीखाली गेला.

कलम ७. पश्चिमेला, भिंतीपासून बारा फुटांवर, दोन वर्षांपूर्वी मी करंज लावला आहे. या वेळी वैशाखात, दुपारी चार वाजता रेघ ओढून. चाळीस वर्षांनी बरोबर जागा सापडली. तो आता माझ्या खांद्याला लागतो. त्याच्या सावलीत मी बसेन असं वाटत नाही. तो आरोहीचा. पोरी, सुट्टीला आलीस की मडकं भर. पालवीला हात लावून बघ, पण ओढू नकोस.

कलम ८. माझं क्रियाकर्म साधं करावं. जेवणावळीचा पसारा नको. त्याऐवजी बसस्टँडच्या पश्चिमेला, जिथं म्हाताऱ्या बाया उन्हात गाडीची वाट बघतात, तिथं परवानगी काढून दोन लिंब लावावेत आणि तीन उन्हाळे पाणी घालावं. लावणारे पुष्कळ असतात, तिसऱ्या उन्हाळ्याला कुणी नसतं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, मला तो समजला, आणि तो माझ्याच मनातला आहे.

ठिकाण : पाटोदा, लिंबाखाली, सकाळच्या सावलीत
दिनांक : ११ मार्च २०२५

(सही) केशरबाई तात्याबा घुमरे

आमच्या दोघांच्या समोर केशरबाईंनी सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर :
१. (सही) कौशल्याबाई भगवान तांदळे, पाटोदा. रोपवाटिकेत एकत्र माती भरली.
२. (सही) राधाकिशन ज्ञानोबा जाधवर, निवृत्त पोस्टमन, पाटोदा

विजयसिंह, सही झाल्यावर एक आठवलं, ते मृत्युपत्रात धरू नकोस. दहावीच्या वर्षी तू रोज सकाळी पोतं अंथरून याच झाडाखाली अभ्यास करायचास. ऊन वर चढलं की पोतं सरकवायचास, सावलीबरोबर, भिंतीकडं. दहा वाजता तू भिंतीला टेकलेला असायचास आणि मग शाळेत जायचास. दुपारी तीच सावली पलीकडं आमेरच्या झोळीवर असायची. मी उगाच इतकी वर्षं चूक केली म्हणत बसले. सकाळ तुझी, दुपार त्याची. झाडानं वाटणी आधीच करून ठेवली होती, मी फक्त लिहून काढली.

सोबत कोरा कागद आणि माझा पत्ता घातलेलं पाकीट ठेवलं आहे, तिकीट लावून. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू 'हो हो' म्हणतोस. दोन ओळी लिही, पण तुझ्या अक्षरात. राधाकिशनभाऊ निवृत्त झाले तरी रोज पोस्टात चक्कर टाकतात, त्यांना सांगून ठेवलं आहे. लवकर लिही बाबा.