दिवा लावलेलं पुस्तक

९ जाने.
मंचरहून पुस्तकं आली. चुलतभाऊ बबनच्या पिकअपमधून, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांखाली. 'बारी हुकली'. मुखपृष्ठावर बैल हसतोय. मी माणूस हसवायला सांगितलं होतं. चित्र काढणारा म्हणाला, बैल स्वस्तात होईल. मागे माझा फोटो, खाली 'विरोधी लेखक'. विनोदीचं विरोधी झालंय. आता कोण बदलतंय.

इतकी वर्षं बैलगाडा शर्यतींच्या घाटात, गाडे पळतात त्या पट्ट्यावर, माईक माझा. महाळुंग्यापासून ओतूरपर्यंत लोकांना हसवलं. मग घशाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, माईक विसरा. आता आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा. म्हणून लिहिलं. तोंडाने सांगायचो ते सगळं यात आहे. लोक हे वाचून हसले तर मी अजून आहे. नाहीतर कारभार आटोपला.

१४ जाने.
संक्रांत. लोक तिळगूळ हातात ठेवतात, 'गोड...' म्हणतात आणि अडखळतात. पुढचं 'बोला' गिळतात. सबंध गावात मलाच यंदा कुणी गोड बोला म्हटलं नाही. एकीला मीच म्हटलं, घ्या, गोड बोला. तिला ऐकू गेलं नाही.

२१ जाने.
ओतूर. स्टँडजवळचं वह्या-पुस्तकांचं दुकान. मालक म्हणाला, "गाईड असतं तर डोळं झाकून ठिवलं असतं आण्णा." तरी चार प्रती काचेत लावल्या, कंपासपेट्यांच्या मागे. तेवढ्यात एकाने ओळखलं. "आण्णा, एकदा व्हऊ द्या तुमची घाटातली आरोळी. उचल की टाक!" मी तोंड उघडलं. जे बाहेर पडलं ते ऐकून तो चपलांकडे बघायला लागला. पुस्तक उलटंपालटं करून परत ठेवलं. "तुमच्या तोंडून मजा व्हती राव. वाचून कसलं हसतंय माणूस."
चार कि.मी. चालत आलो. एसटी चुकली म्हणून नाही. रागाने.

५ फेब्रु.
प्रकाशन कुठे करायचं? हॉल परवडत नाही, पाहुण्यांची गाडी परवडत नाही, हारसुद्धा जड जातोय. सौ. म्हणाली, "सप्ताहात उरका की. मांडव हाय, माईक हाय, माणसं हायत, जेवण हाय." खरंच की. काल्याच्या कीर्तनानंतर दहा मिनिटं मिळतील. बायको लाखात एक आहे.

१२ फेब्रु.
झालं. महाराजांनी कीर्तन संपवून पुस्तक हातात घेतलं. उघडलं नाही. हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, कपाळाला लावलं. म्हणाले, "आण्णांच्या हातून ग्रंथ झाला. ग्रंथ जमिनीवर ठेवू नये, खरकटा हात लावू नये." पंगत बसायच्या आत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. बाया पदर पुढे करून घेत होत्या.
सूत्रसंचालन विलासकडे. पूर्वी माझ्या शेजारी बसून सेकंद सांगायचा, आता माझा माईक त्याच्याकडे. बोलतो बरा, पण स्वतःचं काही सुचत नाही. त्याने एक प्रत काखेत मारली. "गुरूला कुठं पैसं देत्यात व्हय?" दिली. आज कशाचाच राग आला नाही.

१ मार्च
कुणी काही बोलत नाही. गिरणीत नाही, डेअरीवर नाही. वाईट आहे असं तरी म्हणा.
आज शेजारच्या हौसाकाकूंना विचारलंच. वाचलं का?
"आवो, रोज दिवा लावते."
आत जाऊन बघितलं. देवघरात पोथी, खंडोबाचा टाक, मध्ये माझा बैल. कपाळाला कुंकू लावलेला, हसतोय. पुस्तकात पहिल्या रात्री बैल सुटलेल्या जावयाची चावट गोष्ट आहे. म्हटलं, काकू, उघडून बघा तरी.
"आंघुळीबिगर न्हाई उघडत म्या. आन आंघूळ झाली का कामं."

४ मार्च
आणखी घरं बघून आलो. सगळीकडे देवघर. एका ठिकाणी लाल फडक्यात गुंडाळलंय. कुणी भजी बांधायला फाडलं असतं तर बरं वाटलं असतं, तेलकट बोटांनी का होईना दोन ओळी वाचल्या गेल्या असत्या.
सौ.ला सांगितलं तर ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुस्तकापायी कुणी पहिल्यांदा हसलं, ते हे. मी ताट सरकवलं. सप्ताहाची कल्पना हिचीच होती. भांडण.

१० मार्च
पोरीने सासरहून मोबाईलवर सगळ्या ग्रुपमध्ये पुस्तकाचा फोटो टाकला. कुंकवासकट, मागची बाजू पण, माझ्या फोटोवाली. ढीगभर जोडलेले हात आले. एकाने विचारलं, "कधी गेले?" त्याच्याखाली आणखी हात.

८ एप्रिल
यात्रा. जाणार नव्हतो, गेलो. घाटाच्या कडेला, गर्दीत. वर माईकवर विलास.
दोन बाऱ्यांच्या मध्ये, पुढचा गाडा जुंपेपर्यंत, त्याने गोष्ट काढली. सासऱ्याचे बैल आणि जावयाचं धोतर. माझी. शब्दनशब्द. मी जिथे पूर्णविराम दिलाय तिथे थांबला, जिथे वाक्य तोडलंय तिथे श्वास घेतला. अख्खा घाट हसला. म्हातारे गुडघ्यावर थापा मारत होते.
शेजारी पारगावकडचा कुणी होता. "काय सुचतंय ह्या गड्याला!"
म्हटलं, ते माझं आहे.
वर कर्णा. त्याने कानाला हात लावला. "काय म्हणता पावणं?"
परत नाही सांगितलं. सांगवलं नाही. आणि मेलं, मीही हसलो होतो. चांगली आहे गोष्ट.

१० एप्रिल
विलास घरी आला. काखेत पुस्तक. कोपरे दुमडलेले, पेन्सिलच्या खुणा, चहाचा डाग, बैलाचं शिंग फाटलेलं. एवढं वाचलेलं माझं पुस्तक मी दुसरं बघितलं नाही.
"आण्णा, पुढचं काय लिवलंय का? ह्ये सरत आलं. अजून लई यात्रा हायत."
सौ. आतून कडाडली, "नाव घ्यायला जीभ झडती का रं?"
"काकू, नाव घिऊन बघितलं एका घाटात. लोक म्हनले, वाचून दावतोय. कोन हसंना."
हे खोटं असतं तर हाकलून दिला असता. घाट मला माहीत आहे. असंच होतं.
मग त्याने एका खुणेवर बोट ठेवलं. "हितं तुमी कसं म्हनायचा?" मी म्हणून दाखवलं. ऐकू येईना म्हणून कान तोंडाशी आणला. परत म्हटलं. तसाच, कान न काढता हसला. मला पोटातून बरं वाटलं, आणि त्याचीच चीड आली.
चहा पिऊन गेला. सौ. विचारते, देणार का त्याला लिहून?

११ एप्रिल
सकाळपासून नवी एक गोष्ट डोक्यात आहे. हौसाकाकूंच्या देवघराची. सुरुवात जमलीय, शेवटही जमलाय. फक्त मनात म्हणून बघतो तेव्हा माझा आवाज येत नाही. विलासचा येतो.
अजून लिहिली नाही.