'झालं' म्हटल्यानंतर

नाना, तुमचंही चुकलंच होतं, आणि हे मी आजही म्हणणार. बंद पडलेला कॅमेरा गळ्यात अडकवून माणूस दिवसभर नाशकात गंगेवर फिरतो, लोकांना दुतोंड्या मारुतीसमोर उभं करतो, हनुवटी वर घ्यायला लावतो, स्वतः एक डोळा मिटून वाकतो, आणि शटर चालत नाही म्हणून जिभेनं टाळूला 'टक्' करतो. ह्याला काय धंदा म्हणायचं? वर मला ओरडायचं, नीट धर म्हणून. मी गिऱ्हाइकावर उजेड पाडायला धरलेल्या थर्माकोलच्या शीटमागं उभा राहून तुमची ती 'टक्' ऐकायचो आणि मला वाटायचं, रामकुंडापासून पार पुलापर्यंत सगळ्यांना ती ऐकू जातेय. तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांनी हे कुठून उकरून काढलं. मी नाही काढलं. आज सुट्टी होती, खिशात मावेल असा कॅमेरा घ्यायला शहरात गेलो होतो, आणि त्या दुकानात मी जे जे विचारलं ते सगळं तुमचंच निघालं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

मी आता कुठं असतो ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर सातपूरला दोन कंपन्या बदलल्या, मग मोबाईलच्या दुकानात बसलो, तिथंही टिकलो नाही, आणि शेवटी इकडं आलो. दुबईच्या बाहेर वाळूत एक कँप आहे, पर्यटक येतात, गाडीत बसून टेकड्यांवर उड्या मारतात, उंटावर बसतात, जेवतात, जातात. आधी मी जेवणाची ताटं उचलायचो. मग फोटोवाला पळून गेला आणि मॅनेजरनं विचारलं, कुणाला कॅमेरा येतो का? मी हात वर केला. नववी नापासाला इथं कुणी दाखला मागत नाही. कंपनीनं डीएसएलआर दिलाय, तुमच्या गळ्यातल्या मोठ्यापेक्षाही मोठा, आणि चालू. आवाज असा खणखणीत येतो की उंट मान फिरवतो. पण लेन्स बदलायला गेलं की वाळू आत जाते, आणि गाडीत, उड्या मारताना, तो घेऊन बसलं की दात पडायची वेळ येते. म्हणून जोडीला एक छोटा पाहिजे होता. मोबाईलनं काढ म्हणाल, तर मोबाईल पर्यटकांकडं आमच्यापेक्षा भारी असतो. मोबाईल उगारणाऱ्या माणसाला कोण पैसे देईल?

दुकानात एक केरळचा पोरगा होता, हिंदी बोलणारा, कामाला चपळ. त्यानं काचेवर चार-पाच मांडले. हा बघ, झूम लांबचा. हा बघ, आतला सेन्सर मोठा, रात्रीही साफ येतो, पण किंमत ऐकून बस. मी म्हटलं, झूम राहू दे, ह्याचा आवाज पूर्ण बंद होतो का? तो म्हणाला, होतो. पुढं लाल दिवा लागतो तो? तो म्हणाला, तो पण होतो. एका हातानं, न बघता चालू करता येईल का? खिशातून काढल्यावर किती वेळात फोटो निघतो? तो हसायला लागला. "भाई, शादी का फोटो लेना है या जासूसी करनी है?" मीही हसलो, पण माझ्या कानात तुम्ही होता. छोटा कॅमेरा शर्टाच्या खिशातून बाहेर येईपर्यंत समोरच्याचा श्वास सुटता कामा नये, असं तुम्ही म्हणायचात. आणि नाना, काचेच्या आत एका कोपऱ्यात तुमचाच छोटा होता. तोच, चंदेरी, बटणाजवळ निळी पट्टी. जुना, वापरलेला. मी किंमत विचारली तर तुम्ही नवा घेतला होता त्याच्या दुप्पट. म्हटलं, का रे? तर म्हणे, आजकाल कॉलेजच्या मुलींना असे जुनेच पाहिजेत, त्यातला रंग त्यांना आवडतो. घाटावर ज्याला सगळे खेळणं म्हणायचे ते. हातात घेतला, चालू केला, लेन्स पुढं आली तशी तीच घरघर. परत ठेवला. ज्याची लेन्स बाहेर येते तो वाळूत महिनाभर टिकणार नाही. ज्याची आतल्या आत राहते, पाणी आणि धूळ आत जात नाही, तो घेतला. दिसायला साबणाच्या डबीसारखा आहे. तुम्हाला आवडला नसता, पण तुम्ही हाच घेतला असता.

आता त्या दिवसाचं बोलतो. त्याच्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही.

देवळ्याकडचं एक कुटुंब आलं होतं, पोराचं जावळ काढायला. आजी, तिचा मुलगा, सून आणि गोटा झालेलं ते पोर. माझ्या वर्गातली दोन पोरं पायरीवर शेंगा खात बसली होती आणि मला थर्माकोल धरलेलं बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. तुम्ही नेमकं तेव्हाच ओरडलात, "सरळ धर ना रं! शाळेत पण असाच झोपायचा, म्हणून तर घरी बसला." पोरं खिदळली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्यात फोटूच निघत नाय त्याला उजेड कशाला पाहिजे?"

आधी सगळेच हसले, तुम्हीसुद्धा. मग आजीचा मुलगा पुढं आला. "काय हो भाऊ, हाऊ मोठा बंद शे का?" तुम्ही खिशातनं छोटा काढला, त्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला, म्हणालात, "अहो दादा, फोटू ह्यात निघतो, बघा तर." फोटो चांगला होता. पोर आजीचं नाक ओढतंय आणि आजी दात नसलेल्या तोंडानं हसतेय. पण तो बघायला तयारच नव्हता. आणि आजी, तीच आजी, माझ्या डोक्यावरनं हात फिरवून म्हणाली, "पोऱ्या खरं बोलस, बाप नही." ते गेले. तुमच्या शेजारी उभे राहणारे फोटोवाले लांबून बघत होते. दुसऱ्या दिवसापासून तुमचं नाव पडलं. 'काय शटर, बोहनी झाली का?' 'शटर, आज तरी उघडणार का?' तुम्ही जाईपर्यंत तेच नाव राहिलं. तिरडी उचलतानाही कुणीतरी मागं म्हणालं, शटर गेला. मी ऐकलं.

त्या संध्याकाळी तुम्ही मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही मिसळ मागवली, माझ्या ताटात तुमचा एक पाव टाकला, आणि फारच चिडचिडून सांगितलंत, "दुरुस्तीला जेवढे मागतोय तेवढ्यात दुसरा येईल. पण ते सोड. चालू होता तेव्हापण तेच करायचो मी. मोठ्यासमोर माणूस फोटूसाठी उभं राहतं. मी 'झालं' म्हटलं की ते परत घरचं माणूस होतं. तेव्हा काढायचा. मोठा फक्त 'झालं' म्हणायला लागतो." मी तोंडात पाव धरून म्हटलं, "मंग लोकांना सांगा ना तसं." तुम्ही म्हणालात, "सांगितलं तर ते परत उभं राहतील." मला तेव्हा ते समजलं नाही असं म्हणणार होतो. खोटं आहे. समजलं होतं. पण माझी लाज तुमच्या हुशारीपेक्षा मोठी होती. दुसऱ्या दिवसापासून मी घाटावर आलो नाही. त्या आजीचा फोटो तुम्ही हट्टानं छापलात आणि नमुन्याच्या पाटीवर मधोमध लावलात. तो बघून गिऱ्हाईक थांबायचं, असं आई सांगायची. आणि एकदा, सातपूरहून येताना, मी व्हिक्टोरिया पुलावरून खाली बघितलं होतं. तुम्ही थर्माकोल पायरीला टेकवून, वाऱ्यानं पडू नये म्हणून एका पायानं दाबून धरला होता, आणि तशाच लंगड्या अवस्थेत वाकून कुणाला तरी 'टक्' करत होता. खाली यायला पाच मिनिटं लागली नसती. मी निमाणीच्या बसस्टँडकडं चालायला लागलो.

आता इथं मी काय करतो ऐका. लोकांना उंटापाशी उभं करतो, मोठा डोळ्याला लावतो, 'रेडी' म्हणतो, खणखणीत आवाज काढतो, आणि 'झालं!' म्हणतो. मराठीतच म्हणतो, त्यांना कळतं. मग ते सैल होतात, बायको नवऱ्याचा गॉगल काढते, म्हातारा चपलेतली वाळू झटकतो. इतके दिवस तेव्हा मी मोबाईल कमरेशी धरून काढायचो, आता छोट्यानं काढीन. मोठ्यातले फोटो कुणी घेत नाही, नाना. सगळे हेच घेतात. मागच्या आठवड्यात मॅनेजरनं पडद्यावर एक फोटो बघितला, उंट शिंकल्यावर एक बाई आणि तिची मुलगी एकमेकींवर पडून हसतायत तो. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "ये किसने सिखाया तेरे को?"

तोंडात उत्तर तयार होतं. माझ्या बापानं, नाशिकला, घाटावर. मग तो विचारणार, स्टुडिओ होता का? कुठला कॅमेरा वापरायचे? मग काय सांगू, बंद असलेला? मी म्हटलं, "यूट्यूब से सीखा, सर." तो म्हणाला, "शाबाश." मी ती शाबासकी घेतली.

आज दुकानातून बाहेर पडलो आणि आईचा फोन आला. मिक्सर जळाला म्हणे. मेनरोडचा दुरुस्तीवाला खुंटीवरचे तुमचे दोन्ही कॅमेरे पार्टसाठी मागतोय, मोठा आणि छोटाही. छोट्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली तेव्हापासून आई म्हणते, जीभ काढून बसलाय. "तेवढ्यात मिक्सर येतो बघ नवा. देऊ का?" मी रस्ता ओलांडत होतो, हातात नव्या डबीची पिशवी होती. म्हटलं, "देऊन टाक ना. बंदच तर हाय." ती म्हणाली, "हां, बंद तर हाय." आणि मग, "खुंटी मोकळी दिसंल रे पण." गाड्या वाजत होत्या, मी नंतर करतो म्हणून ठेवला. दुसऱ्यांदा तेच बोललो होतो मी, शब्द तेवढे वेगळे, आणि ह्या वेळी तर कुणी हसतही नव्हतं.

हे मोबाईलवर लिहितोय, बाकीचे खोलीत झोपलेत. मॅनेजरला उद्या खरं सांगीन, असं इथं लिहून टाकलं तर बरं वाटेल, पण तुम्हाला तरी फसवत नाही. नाही सांगणार मी. एवढं मात्र केलं, मघाशी आईला परत फोन लावला आणि म्हटलं, कॅमेरे राहू दे, मिक्सरचे मी पाठवतो. तिनं विचारलं, का रे, एकदम काय झालं? म्हटलं, काही नाही, इकडं बोनस मिळालाय. बोनस काही मिळालेला नाही. दुरुस्तीवाला दोन्हीचे मिळून जेवढे देत होता तेवढेच टाकले, तीन हजार दोनशे.