ढब्बू खोकत नाही

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज). तुझी, लेकीची आणि नव्या नातीची तब्येत छान असेल. ढब्बू बरा आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं न वाचताच गाडीत बसशील.

इकडे कुत्र्यांच्या फ्लूची साथ आली आहे. समोरच्या शिंपिणबाईंची काळी कुत्री खोकून खोकून गेली. मी धसकाच घेतला. भाऊजी गेल्यापासून तुला ढब्बूचाच काय तो आधार, आणि तोच तू माझ्या भरवशावर टाकून गेलीस! लगेच लस टोचून आणली. पण दुसरा डोस होईपर्यंत जपा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. म्हणून दारावर पाटी लावली: चपला बाहेर, साबणाने हात धुवा, मगच ढब्बूला हात लावा. (पेपरवाला तेव्हापासून पेपर लांबूनच फेकतो.)

तरी तेरवा दुपारी दाराकडून खोकला ऐकू आला. ढब्बूला उचलून (तो आता उचलायच्या वजनाचा राहिलेला नाही) दवाखाना गाठला. ताप नाही, छाती साफ. मग मी खोकल्याची नक्कल करून दाखवली. बाई म्हणाल्या, "अहो, हा खोकला कुठला? हे तर कुणीतरी खाकरतंय."

ताई, शीळ न घालता खाकरून ढब्बूला बोलावणारा माणूस आपल्या घरात एकच होता.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. ढब्बू धावला आणि फटीला नाक लावून शेपटी हलवत बसला. मी दार उघडलं, तर जिना रिकामा. काल मात्र दार न उघडता हात जोडले आणि म्हणालो, "भाऊजी, त्याला नेऊ नका. ताई एकटी पडेल." मी जो पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलो (भर उन्हाळ्यात, हो), तो तासाभराने उठलो. ढब्बू पोट वर करून निवांत घोरत होता.

तर काळजी नसावी.

तुझा (अजून थरथरणारा) भाऊ

ता. क. न्यायचा विचार नसावा. उठलो तेव्हा बेसिनवरचा साबण ओला होता. मी हात धुतले नव्हते.

आणखी एक ता. क. खरं काम राहिलंच. येताना भाऊजींच्या मापाच्या, घरात घालायच्या स्लिपर आण. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबणारा माणूस तो, पाटी वाचून अनवाणीच आत येतो. फरशी फार गार असते गं.