काबूलचा काना

प्रति,
मा. अध्यक्ष,
तालुका वारसा वस्तू व लोककला समिती,
जव्हार, जि. पालघर

विषय : श्रीमती हौशी जिवा वारघडे, रा. साखरशेत, यांचे अफगाण लष्करी पदक न वितळवता परत मिळणेबाबत, तसेच समितीने ते एकदा सरळ धरून पाहणेबाबत.

संदर्भ : १) समितीची टिपणी, ‘तारपा स्पर्धेचा बिल्ला’. २) श्रीमती वारघडे यांचा जबाब.

महोदय,

१. मी जव्हारमध्ये माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हौशीताईंना लिहिता येत नाही, म्हणून हा अर्ज मी लिहीत आहे. हिवाळ्यातील प्रदर्शनासाठी त्यांनी आपल्या गळ्यातले पदक समितीला उसने दिले. परत मागितल्यावर, ते समितीचेच आहे असे त्यांना कळवण्यात आले. आता जुन्या कप-बिल्ल्यांबरोबर त्याचेही निर्लेखन मंजूर झाले असून येत्या शुक्रवारी ते वितळवले जाणार आहे.

२. टिपणीनुसार पदकावर तारपा या आदिवासी वाद्याचा भोपळा आणि त्याच्या नळ्या दिसतात. वरच्या फुलीत हात गुंफून नाचणारी माणसे दिसतात. त्यांना डोकी का नाहीत, याचा खुलासा नाही. कडेला इंग्रजी ‘व्ही’ आहे, म्हणजे ‘विजेता’. पण क्रमांक नाही, म्हणून बक्षीस उत्तेजनार्थ. समितीची कल्पनाशक्ती मोठी आहे. ती वापरण्याआधी पदक फिरवून पाहिले असते, तर एवढी खर्च झाली नसती.

३. पदकाची मूळ कडी तुटलेली आहे. तिचा खुंट अजून दिसतो. काळ्या दोऱ्यात ओवण्यासाठी घरच्यांनी नेमके विरुद्ध टोकाला भोक पाडले. त्यामुळे ते गळ्यात उलटे लोंबते आणि समितीने ते तसेच वाचले. खुंट वर धरला की भोपळ्याचा घुमट होतो, नळ्यांचे मिनार होतात, आणि नाचणारी माणसे म्हणजे मशिदीखालच्या दोन तलवारी ठरतात. ‘व्ही’ उलटून फारसी आठचा आकडा होतो. मालेगावच्या एका निवृत्त फारसी शिक्षकांनी छायाचित्रावरून अफगाण सरकारचे नाव आणि १२९८ हे साल वाचले. अफगाण सौर पंचांगाचे ते साल आपल्या १९१९-२० शी जुळते. अशी पदके संग्रहांतही क्वचित आढळतात, असे नाशिकच्या एका संग्राहकांनी कळवले आहे.

४. टिपणीत धातू ‘जर्मन सिल्व्हर’ असल्याचे म्हटले आहे. प्रदर्शनापूर्वी हौशीताई पदक शाळेत घेऊन आल्या होत्या. तेव्हा मी त्याचे वजन करून ते पाण्यात बुडवले व घनता काढली. ती तांबे मिसळलेल्या चांदीशी जुळते, जर्मन सिल्व्हरशी नाही. हा प्रयोग नववीतली मुले करतात. समितीस हवे असल्यास तासाला बसण्यास हरकत नाही.

५. आता जबाबाविषयी. हौशीताईंचा आजा बुधा इंग्रजांच्या फौजेच्या खेचरांमागे अफगाण सरहद्दीपार गेला होता. पदक त्याला कोणी दिले की वाटेत सापडले, हे घरात कोणाला ठाऊक नाही. मी अंदाज करणार नाही. ते काम समितीने पुरेसे केले आहे. घरात पदकाला ‘काबूल’ म्हणतात. पोराला ताप आला की काबूल पाण्यात बुडवून ते पाणी पाजतात. या उपायाविषयी माझे मत वेगळे आहे, नावाविषयी नाही. समितीच्या लिपिकांनी “हे काय आहे?” असे विचारले, तेव्हा हौशीताई म्हणाल्या, “हा आमचा काबूल हाय.” लिपिकांनी लिहिले, “हे आम्हाला कबूल आहे.” काय कबूल आहे, ती ओळ नंतर वर भरली : “सदर वस्तू समितीची आहे.” खाली अंगठा घेतला.

हे मी वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, मी कवा कबूल झाले? मी काबूल सांगला! लिवणाऱ्याचे कानात बोळा व्हता का?”

६. मी स्वतः कार्यालयात आले असता सदस्य श्री. सर्वेश काळे म्हणाले, “मॅडम, एका कान्यानं असा काय फरक पडतो?” पडतो. त्यांच्या आडनावातला काना काढला, तर ‘कळे’ उरते. पण तेवढ्याने कळू लागेल, अशी माझी खात्री नाही.

७. तरी शुक्रवारपूर्वी पदक वितळवण्याच्या ढिगातून बाजूला काढून हौशीताईंच्या हाती द्यावे. समितीला त्याचा अभ्यास करायचा असल्यास साखरशेतला यावे. हौशीताई ते गळ्यातून न काढता दाखवतील. समितीच्या सवयीप्रमाणे ते उलटेच दिसेल. मान मात्र समितीने वाकडी करावी.

पदकाच्या प्रतीक्षेत, आपल्या नम्र,

श्रीमती हौशी जिवा वारघडे
(डाव्या हाताचा अंगठा. या वेळी मजकूर आधी वाचून दाखवला आहे.)

विद्युल्लता उत्तम मेढे
जव्हार, ११ मार्च २०२५

सोबत :
१. पदकाचे छायाचित्र. ‘वर’ कुठे ते बाणाने दाखवले आहे.
२. घनतेची आकडेमोड.
३. काना, एक नग. जबाबातील ‘कबूल’च्या ‘क’ला लावून घ्यावा.