तिसऱ्या झेंड्यापाशी बुजवलेला वाळूचा खड्डा

प्रति,
मा. कारखाना प्रमुख साहेब,
तथा अध्यक्ष, मैदान समिती,
कंपनी वसाहत, महापे,
ठाणे-बेलापूर रस्ता, नवी मुंबई.

अर्जदार : सौ. वैजयंती नंदकुमार आजगावकर, इमारत 'क', तळमजला, खोली क्र. २, कंपनी वसाहत.

विषय : गोल्फ मैदानावरील तिसऱ्या झेंड्याजवळचा वाळूचा खड्डा पूर्ववत खणून मिळणेबाबत.

संदर्भ : १) मैदान सुधारणेचे परिपत्रक, सूचना फलकावर लावलेले.
२) त्याआधीच्या रविवारी सकाळी 'क' इमारतीच्या गॅलरीतून ऐकू आलेले हसणे.

माननीय साहेब,

१. अर्जदार ही आपल्या कारखान्याच्या स्टोअरमधील कारकून श्री. नंदकुमार आजगावकर यांची पत्नी. शिक्षण सातवीपर्यंत शाळेत, त्यापुढचे वाण्याच्या पुड्यांवर. एके काळी वसाहतीतल्या सगळ्यांचे अर्ज यजमानच लिहून देत. अर्जात 'मी' म्हणू नये, 'अर्जदार' म्हणावे. 'मी' म्हटले की माणूस रडायला लागतो आणि साहेब लोक पान उलटतात, असे ते सांगत. म्हणून तसेच लिहिले आहे. रडणे तूर्त येतही नाही.

२. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर यजमानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कंपनीने खोली काढून घेतली नाही, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. तेव्हापासून ते गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून असतात. समोर आपले मैदान. अर्जदार त्यांना भरवते, पुसते, उन्हाप्रमाणे खुर्ची फिरवते. शेजारच्या बायका विचारतात, "तुम्हाला काही वाटत नाही का हो?" अर्जदार म्हणते, "बघू." काय बघू, ते तिलाही ठाऊक नाही. आवाज येईल तेव्हा येईल, असे डॉक्टर म्हणाले. तेही बघूच म्हणाले म्हणायचे.

३. आता खड्ड्याविषयी. साहेबांना खेळ माहीत आहेच, तरी गॅलरीतून तो कसा दिसतो ते नमूद करते. पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावरून पहिला टोला मारतात. उजव्या हाताला सबंध लांबीभर नाला आहे. डावी बाजू मोकळी, ऐसपैस. झेंडा हिरवळीच्या डाव्या टोकाला, आणि त्याच्या पुढ्यात, डावीकडेच, तो खड्डा होता. म्हणजे पहिला टोला डावीकडे सुखरूप मारावा, तर दुसऱ्या वेळी वाळू आडवी येई. वाळू टाळायची तर आधीच नाल्याच्या काठाकाठाने जायला हवे. तिथून झेंड्याची वाट उघडी. पण मग चेंडू नाल्यात जाण्याची भीती. भीती आत्ता घ्यायची की मागाहून, एवढेच काय ते ठरवायचे. खड्डा बघाल तर दोन खाटांएवढा, पण त्याचा हुकूम टाकीच्या ओट्यापर्यंत चाले. मोठमोठे इंजिनियर तिथे कमरेवर हात ठेवून उभे राहत.

४. ते उभे राहिले की यजमानांचा डावा हात उठे. एक बोट वर केले तर हा माणूस नाल्याकडून जाणार. मूठ दाखवली तर वाळूकडून. अर्जदारही आपला अंदाज सांगे. हरेल त्याच्या चहात साखर कमी, अशी पैज. अर्जदार बहुतेक वेळा कडू चहा प्यायली आहे. माणसाची टोपी, चालणे आणि बरोबर कोण आहे, एवढ्यावरून यजमान ओळखत. सासरा बरोबर असेल तर जावई नाल्याकडून जातो, हे अर्जदाराला फार उशिरा समजले.

५. संदर्भ क्र. २ च्या रविवारी स्वतः साहेब आले होते. सोबत हेड ऑफिसचे पाहुणे. यजमानांनी मूठ दाखवली. साहेबांचा चेंडू वाळूत गेला. साहेबांनी टोला मारला, वाळू उडाली, चेंडू काठापर्यंत चढला आणि घरंगळत परत साहेबांच्या बुटांशी आला. असे किती वेळा झाले, ते अर्जदाराने मोजले नाही, कारण ती आत भाकरी थापत होती. तेवढ्यात गॅलरीतून पुरुषाचे मोठ्याने हसणे ऐकू आले. घरात परका माणूस शिरला असे वाटून अर्जदार पिठाच्या हातांनी "कोण आलंय?" करीत बाहेर धावली. गॅलरीत दुसरे कोणी नव्हते. यजमान हसत होते. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, आणि शब्द एकच, पण स्पष्ट : "अडकला!"

वीस वर्षांच्या संसारात ऐकलेला आवाज अर्जदाराने ओळखला नाही. हे अर्जात घालण्याचे कारण नव्हते, पण गेले लिहून.

मैदानावर वाळू सारखी करणाऱ्या, शिरवणे गावच्या पुतळाबाई लांबूनच ओरडल्या, "बाय गो, तुजा मानूस हसला! सायबाचं नशीब फुटलं न् तुजं उघारलं!" त्यांनी असे ओरडायला नको होते, हे अर्जदारास मान्य आहे. साहेबांनी मान वर करून गॅलरीकडे पाहिले, तेही अर्जदाराने पाहिले. पाहुणेही हसत होते, परंतु त्यांना वाचा आधीपासून होती.

६. त्याच आठवड्यात मजूर आले. मुरूम टाकला, वर हिरवळ लावली. परिपत्रकात 'देखभालीच्या सोयीसाठी' असे कारण दिले आहे. अर्जदाराचा परिपत्रकावर पूर्ण विश्वास आहे. तथापि, हसण्याचाही यात थोडाफार हात असल्यास अर्जदार खुलासा करते की, ते हसणे साहेबांना नव्हते. ते खड्ड्यालाही नव्हते. जो माणूस स्वतः कित्येक महिने अडकून पडला आहे, त्याला सोबत मिळाल्याचे ते हसणे होते. इतके मोठे साहेब, आणि तेही तिथेच. तरीही अपमान झाला असेल तर अर्जदार माफी मागते. यजमानांच्या वतीनेही मागते, कारण ते मागू शकत नाहीत.

७. आता सगळे डावीकडून जातात. ओट्यावर कोणी थांबत नाही. वाळू होती तेव्हा चेंडू उंच उचलून अलगद टाकावा लागे. आता जमिनीसरपट हाणतात आणि चुकला की तो आमच्या गॅलरीत येतो. एकदा काच फुटली. यजमानांनी पहिले काही दिवस मूठ दाखवली. दर वेळी बरोबर. मग हात उचलणे सोडले. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न माणूस किती दिवस सोडवणार? "अडकला" हा शब्दही परत आला नाही. अर्जदाराने भाकरी थापता थापता कान देऊन पाहिले. भाकऱ्या तेवढ्या करपल्या.

८. वसाहत कार्यालयातले दिलीप म्हणाले, "वहिनी, लोक खड्डे बुजवा म्हणून अर्ज करतात. खड्डा पाडा म्हणून तुमचाच पहिला. त्याचा फॉर्मच नाही. काच फुटली असं लिहा, काच लगेच मंजूर करतो, टेन्शन नाही." अर्जदारास काच नको आहे. काचेच्या जागी पुठ्ठा छान बसला आहे.

९. तरी विनंती की, खड्डा होता तिथे व होता तेवढा खणून द्यावा. मजूर नसल्यास अर्जदार स्वतः खणील. पुतळाबाई कुदळ घेऊन यायला तयार आहेत. तेही शक्य नसल्यास खड्डा आहे असे धरून खेळावे, अशी सूचना फलकावर लावावी. आणि तेही नियमात बसत नसेल, तर साहेबांनी एकाच रविवारी टाकीच्या ओट्यावर यावे आणि कमरेवर हात ठेवून थोडा वेळ, कुठून जावे याचा विचार करीत, नुसते उभे राहावे. टोला नाही मारला तरी चालेल. ही मागणी वेडगळ दिसते, हे अर्जदारास कळते. लिहिण्याआधीही कळत होते.

१०. काल हा अर्ज यजमानांना वाचून दाखवला. दोन ठिकाणी 'मी' आले होते, ते खोडले. शेवटी विचारले, "साहेब काय करतील हो? बोट म्हणजे खणतील, मूठ म्हणजे नाही." अर्जदार कागदाची घडी घालू लागली. आणि मग यजमानांचा डावा हात खुर्चीवरून उठला. खड्डा बुजल्यानंतर प्रथमच.

त्यांनी काय दाखवले ते येथे लिहीत नाही. साहेबांवर दडपण येईल, आणि पैज लागलेली आहे. अर्जदाराने आपला अंदाज त्यांच्या उलट सांगितला आहे. साहेबांचे उत्तर येईपर्यंत दोघांच्याही चहात साखर सारखीच राहील.

टाकीच्या ओट्याकडे तोंड करून बसलेल्या दोघांपैकी एक,
आपली नम्र अर्जदार,
वैजयंती नंदकुमार आजगावकर
महापे, दि. १० फेब्रुवारी १९८६

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी.
२) गॅलरीत आलेले चेंडू, धुऊन, कापडी पिशवीत. एक कमी आहे. तो यजमानांच्या हातात आहे व सोडत नाहीत. पिशवी परत मिळावी.